चर्चमागच्या दोन खोल्या

सेनगावहून निघालेल्या जीपनं नरसिंगला खडकदरीच्या फाट्यावर सोडलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. फाट्यावर कुणीतरी घ्यायला येईल असा निरोप होता. कुणी आलं नव्हतं. त्यानं पत्र्याची पेटी खांद्यावर घेतली, वळकटी काखेत मारली आणि गावाकडं चालू लागला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळदीची पानं वाळून पिवळी पडली होती.

नरसिंग आडे एकतीस वर्षांचा होता, कनेरगाव नाक्याच्या पलीकडच्या तांड्यावरचा. घरात त्याची याडी, म्हणजे आई, मिराबाई आधी ख्रिस्ताच्या विश्वासात आली, मग तो. बाप रतनसिंग कधी आला नाही, पण कधी आडवाही आला नाही. नरसिंगनं तीन वर्षं बायबल शाळेत काढली होती. आता एक मंडळी सांभाळून दाखवायची होती. मे महिन्यात खडकदरीच्या मंडळीनं शिफारसपत्र दिलं, तर पावसाळा सरल्यावर दीक्षाविधी होऊन तो पाळक होणार होता. नाही दिलं तर पुन्हा उमेदवारी.

चर्च गावाच्या कडेला होतं. दगडी भिंती, वर पत्रा. मागं एकमेकीला लागून दोन खोल्या. एका खोलीच्या उंबऱ्यात एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती.

"समदे हळदीत गेलेत," सुपावरची नजर न काढता ती म्हणाली. "जळबा सांजच्याला येईल. ती बाजूची खोली तुझी. पानी भरून ठेवलंय."

"तुमी...?"

"मी सिंधूबाई. आधीचे पाळक माझे मालक."

नरसिंगनं पेटी खाली ठेवून हात जोडले. "बरं झालं आई, तुमी हायेत."

"आई म्हनू नको. मला लेकरं झाली न्हाईत. समदे बाई म्हनतात, तूबी बाईच म्हन."

आधीचे पाळक जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून महिन्यातून एकदा हिंगोलीहून कुणीतरी येऊन प्रभुभोजन देऊन जाई. बाकीच्या रविवारी जळबा शास्त्रपाठ वाचे आणि सिंधूबाई गीत सुरू करत. बावीस घरांची मंडळी तेवढ्यावर टिकून होती.

पहिल्या रविवारी नरसिंग इस्त्रीचा पांढरा सदरा घालून उभा राहिला. समोर सतरंजीवर एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बाया. त्यानं शाळेत शिकवलेल्या चालीत गीत सुरू केलं. पहिलं कडवं कसंबसं निभावलं. दुसऱ्या कडव्याला पुढं बसलेल्या सिंधूबाईंनी डोळे न उघडता जुनी चाल धरली आणि अख्खी मंडळी त्यांच्या मागं गेली. नरसिंग तोंड उघडं ठेवून उभा राहिला. त्याला ती चाल येत नव्हती. मग त्यानं वहीतून उपदेश वाचला. तांड्यावर घरात बंजाऱ्यांची गोरमाटी बोली, शाळेत मराठी, त्यामुळं जड शब्द आला की त्याची जीभ अडखळे. एकदा त्यानं 'कृपा'चं 'किरपा' केलं आणि पोरींच्या रांगेत खुसखुस झाली.

उपासना सुटल्यावर भिकाबाई नावाची एक मजूर बाई चपला शोधता शोधता बोलली, "बरं वाचलं. शाळेतल्या पोरावानी वाचलं." तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. म्हणूनच त्याला ते जास्त लागलं.

त्या आठवड्यात तो घरोघर भेटीला निघाला. घरांना कुलपं. एखाद्या घरी सून असली तर ती दाराआडून सांगे, "घरी बाप्यामानूस न्हाई." त्याला उंबऱ्यावरूनच प्रार्थना करून परतावं लागे. रस्त्यानं चार पोरं 'तांड्यावरचे पास्टर' म्हणत, आणि 'पास्टर'पेक्षा 'तांड्यावरचे' त्याला मोठ्यानं ऐकू येई.

संध्याकाळी चर्चच्या पायऱ्यांवर फोनला रेंज येई. तिथं बसून तो दिपाला फोन लावे. दोघं तांड्याच्या बोलीत बोलत. दिवसभर पुस्तकी मराठी बोलून आखडलेली त्याची जीभ तेवढ्या वेळात सैल पडे. दिपा बकऱ्यांचं सांगे, याडीच्या गुडघ्याचं सांगे. पाच वर्षांची सुकन्या फोन हिसकावून घेई आणि काहीच न बोलता नुसती श्वास घेत राही. तो श्वास ऐकत तो बसून राही.

"आम्हाला कधी नेता?" दिपा शेवटी विचारी.

"एकच खोली हाय. तीबी सामानाची. सतरंज्या, पेटी, समदं इथंच."

"जूनला पोरीला शाळेत घालायचंय. एकदा इथं घातलं की वर्षभर इथंच. मग तुम्ही तिथं, आम्ही इथं."

तो सुकन्याला पुन्हा फोन द्यायला सांगे.

दुसऱ्या आठवड्यात तो सदरा बदलून जळबाच्या शेतात गेला. जळबा मंडळीचा मोठा पंच. त्याची स्वतःची दोन एकर हळद होती आणि खणायला सगळी मंडळीच होती. बाप्ये कुदळीनं सरी उकरत होते, बाया कंद झटकून हळकुंडं मोडत होत्या.

"तुमी काहून आले?" जळबानं विचारलं. "घरी बसा, अभ्यास करा."

"घरी कुनीच भेटून न्हाई राहिलं. सगळे इथं. म्हनून इथं आलो."

त्यानं कुदळ घेतली. उसाच्या फडात आणि बापाच्या वावरात वाढलेलं अंग होतं. कंदाला इजा न करता माती कुठून फोडायची हे त्याच्या हाताला विचारावं लागत नव्हतं. दुपारपर्यंत तो दोन सऱ्या पुढं होता. भाकरी खाताना भिकाबाईनं आपल्या फडक्यातला ठेचा त्याच्या भाकरीवर ठेवला.

मग शिजवणी आली. लोखंडी पिंपांमधून वाफ फुसफुसू लागली, वाळलेल्या पाल्याचा जाळ लागला आणि ओल्या मातीसारखा, औषधासारखा तो वास सगळ्या शिवारावर बसला. हळकुंडात काडी टोचून पाहायची, आरपार गेली की पिंप उलटायचं. एकदा पिंप उलटताना वाफेचा झोत नरसिंगच्या हातावर आला आणि मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लाल झाली. त्यानं पिंप मात्र सोडलं नाही. जळबानंच त्याचा हात धरून हौदात बुडवला.

"पास्टर," तो म्हणाला, "मानूस ओरडला तर बिघडत न्हाई."

जळबानं त्याला पास्टर म्हटल्याची ती पहिली वेळ.

पहाटे नरसिंग मोठ्यानं वाचून उपदेशाची तयारी करी. एके दिवशी वाचता वाचता मधल्या भिंतीवर ठक ठक झालं. पाठोपाठ सिंधूबाईंचा आवाज आला, "सांत्वन. सांतवन न्हाई. परत म्हन."

त्यानं परत म्हटलं.

"आता बराबर. पुढं चल."

दुसऱ्या दिवशी पुन्हा ठक ठक. बाई लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात शिकल्या होत्या. घरात कसंबी बोल, त्या म्हणत, पन पुस्तक उघडलं की नीट बोल. भिंतीआडून त्यांनी त्याला शब्द शिकवले, कुठं थांबायचं ते शिकवलं, जुन्या चाली शिकवल्या. तोंडावर त्या फारसं बोलत नसत. भिंत मधे असली की बोलत.

एकदा त्यानं विचारलं, "माझ्या वाचन्यानं तुमची झोप मोडत असंल."

पलीकडं चुलीत घालायची काटकी मोडल्याचा आवाज आला.

"ते बी त्याच खोलीत वाचायचे," मग त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सं मी हिकडं चूल पेटवायची आन ते तिकडं वाचायचे. त्यांचा आवाज जाड होता. तुझा बारीक हाय. पन आवाज हाय."

होळीच्या संध्याकाळी त्यानं तांड्यावर फोन लावला. दिपानं फोन उचलला आणि नुसता वर धरला. डफ वाजत होते, बाया-बाप्ये लेंगी, होळीची गाणी, म्हणत होते, आणि मधेच त्याला बापाचा घोगरा आवाज ओळखू आला. चर्चच्या पायरीवर तो फोन कानाशी दाबून उभा राहिला. पाय आपोआप ठेका धरत होते. ते ध्यानात आल्यावर त्यानं पाय थांबवले. थोड्या वेळानं रेंज गेली. तरी तो फोन कानालाच धरून राहिला.

होळीनंतरच्या रविवारी पंच उपासना झाल्यावर थांबले. पाच जण सतरंजीवर बसले, नरसिंगला मधे बसवलं.

जळबा म्हणाला, "पास्टर, मंडळी तुमच्यावर खूश हाय. पन एकला पाळक आमाला चालत न्हाई. बायांच्या घरी जाता येत न्हाई, बाया मोकळ्या बोलत न्हाईत. तुमी घरच्यांना आना. मे महिन्यात पत्र देऊ."

"खोली न्हाई," नरसिंग म्हणाला.

"त्याचंच बोलून राहिलो. बाईंची खोली मोकळी करू. त्यांचा पुतन्या संतोष हिंगोलीला हाय, चांगलं पक्कं घर हाय त्याचं. त्यो त्यांना ठेवून घेतो म्हनतो. बाईंचंबी वय झालं. तुमचं काय म्हननं हाय?"

खिडकीबाहेर हापसा होता. हापश्याचा दांडा वाजता वाजता थांबला होता. नरसिंगला ते कळलं. बाई तिथं उभ्या होत्या हेही कळलं. एकच शब्द बोलायचा होता. पण त्याच वेळी त्याच्या डोळ्यांसमोर ती दुसरी खोली आली, तिच्यात चुलीपुढं बसलेली दिपा आली, जमिनीवर झोपलेली सुकन्या आली.

"मंडळी ठरवील ते," तो म्हणाला.

तो बाहेर आला तेव्हा बाई घागर विसळत होत्या.

"बाई," तो म्हणाला, आणि घागर घ्यायला हात पुढं केला.

"मला इचारलं असतं तर मी व्हय म्हनले असते," बाई शांतपणे म्हणाल्या. "पोरीसाठी म्हनले असते. कुनी इचारलं न्हाई, एवढंच."

चार दिवसांनी त्या गेल्या. एक पेटी, एक बोचकं. लोखंडी खाट त्यांनी ठेवली. "लेकराला खाली नका झोपवू, इंचू निघतात," एवढं सांगितलं. नरसिंगनं पेटी खांद्यावर घेतली. बाई पुढं, तो मागं, असे ते फाट्यापर्यंत गेले. मंडळीतल्या बाया वाळत टाकलेली हळद उलथत होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या, पण रस्त्यावर कुणी आलं नाही. जीप आली. बाई आत बसल्या, पदर तोंडाला लावला धुळीसाठी, आणि समोर बघत राहिल्या.

जीप वळणाआड जाण्याआधी नरसिंगचा हात खिशातल्या फोनकडं गेला होता. दिपाला सांगायचं होतं, या. तो आनंदात होता. त्याला ते स्वतःलाही दिसलं आणि त्यानं नजर जमिनीवर लावली.

दिपा आणि सुकन्या आल्या. पहिले दोन दिवस घर पोरीच्या आवाजानं भरून गेलं. नरसिंग पोरीला खांद्यावर घेऊन घरोघर गेला आणि बंद दारं उघडली. सुना दिपाला आत बोलावू लागल्या. तिसऱ्या दिवशी हापश्यावरून परतलेल्या दिपानं घागर दणकन खाली ठेवली.

"ती बाई आपणहून गेली की धाडली?"

"पंचांनी ठरवलं."

"तुम्ही काय म्हणालात?"

त्यानं घागर उचलून कोपऱ्यात ठेवली.

"भिकाबाईनं सांगितलं मला," दिपा म्हणाली. "मी आले तेव्हा या चुलीपुढं गवऱ्या रचून ठेवलेल्या होत्या. मडकं धुऊन पालथं घातलेलं होतं. मला वाटलं मंडळीनं केलं. म्हातारी माझ्यासाठी घर सावरून गेली, आणि मी तिच्या खाटेवर पोरगी झोपवते. तांड्यात एका खोलीत आपण सात जण राहत होतो. मी म्हणाले होते का, मला दोन पाहिजेत म्हणून?"

त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नाही. पोरीला नीट जेवू घातलं, त्यालाही वाढलं, पण बोलली नाही.

एका पहाटे, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारचा उपदेश वाचताना तो एका शब्दावर अडखळला. चुकीचाच म्हटला. आणि थांबला. ठक ठक होईल म्हणून तो भिंतीकडं बघत राहिला. पलीकडून पोरीच्या श्वासाचा आवाज येत होता. तोच श्वास ऐकायला तो तीन महिने पायऱ्यांवर बसला होता. आता तो ऐकू येत होता आणि तरी त्याचे कान दुसऱ्याच आवाजाकडं लागले होते.

त्या रविवारी शिंदीच्या झावळ्या घेऊन पोरं आत आली, गीत झालं, जुन्या चालीत झालं. नरसिंगनं वही उघडली आणि बंद केली.

"मला आज वाचायचं न्हाई," तो म्हणाला. "मला सांगायचंय. पंचांनी बाईंच्या खोलीचं मला इचारलं, तवा बाई त्या खिडकीबाहेर उभ्या होत्या. मला ठाव होतं. मी 'न्हाई' म्हनू शकत होतो. बाईंना इचारा, एवढं तरी म्हनू शकत होतो. म्हनलो न्हाई, कारन मला ती खोली पाहिजे होती. मंडळीवर ढकललं आन गप बसलो. इथं उभं राहून दुसऱ्यांना सांगायचं, त्याआधी हे सांगनं मला भाग हाय."

पत्र्यावर ऊन तापून कडकड वाजत होतं. भिकाबाईनं पदर डोळ्याला लावला. पंचांच्या रांगेत कुणी मान वर केली नाही.

उपासना सुटल्यावर जळबा त्याच्याजवळ आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"खरं बोलले तुमी. बराबर हाय," तो म्हणाला. "पन आमालाबी समद्यांसमोर खाली पाहायला लावलं. आधी मला एकल्याला सांगायचं होतं."

"चुकलं," नरसिंग म्हणाला. आणि ते खरंच चुकलं होतं, हे त्याला बोलल्यावर कळलं.

"पत्राचं यंदा जमायचं न्हाई. पंच म्हनतात, आनखी एक वरीस पाहू. राहतान ना?"

"राहतो."

दुसऱ्या दिवशी नरसिंग आणि दिपा पोरीला घेऊन हिंगोलीला गेले. संतोषचं घर बस डेपोच्या मागं, दुसऱ्या मजल्यावर होतं. बाई गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. खाली एसट्या आत-बाहेर होत होत्या आणि लाउडस्पीकरवरून गावांची नावं येत होती. संतोषच्या बायकोनं चहा दिला, चांगली वागली. घरात कशाला कमी नव्हतं.

"घरी चला, बाई," नरसिंग म्हणाला. "आमी बाजूच्या खोलीत मावतो."

बाईंनी दिपाकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं. पोरगी गॅलरीच्या गजातून एसट्या मोजत होती.

"एकदा निघताना लई तकलीफ झाली," त्या म्हणाल्या. "आता इथं बसायची सवय करून राहिले. परत उठवू नका मला."

त्यांनी नरसिंगच्या हातावरचा वाफेचा डाग पाहिला, त्यावरून बोट फिरवलं. "ईस्टरला येईन. त्यांच्या कबरीवर फुलं वाहायची राहतील न्हाईतर." तेवढंच कबूल केलं.

परतताना जीपमध्ये दिपा त्याच्याशी बोलली. पोरीला भूक लागलीय, एवढंच म्हणाली. पण बोलली.

ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी बाई जळबाच्या घरी उतरल्या. पहाटे, तांबडं फुटायच्या आत, मंडळी मेणबत्त्या आणि झेंडूची फुलं घेऊन कबरस्तानात गेली. ओढ्याच्या काठाला पंधरावीस कबरी, मातीच्याच, चुना लावलेल्या. बाई नवऱ्याच्या कबरीशी खाली बसल्या. गुडघे मोडून बसायला त्यांना वेळ लागला. नरसिंगनं पुनरुत्थानाचा भाग न पाहता, तोंडपाठ म्हटला. कुठंही अडखळला नाही. म्हणून झाल्यावर त्यानं बाईंकडं पाहिलं. त्या मातीवरची फुलं सारखी करत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. त्या कुणाशी बोलत होत्या ते विचारायचं नव्हतं.

उपासनेनंतर दिपा म्हणाली, "बाई, जेवायला आपल्याकडं." बाई नाही म्हणाल्या नाहीत. आपल्याच खोलीच्या उंबऱ्याशी त्या थबकल्या, चपला बाहेर काढल्या आणि पाहुण्यासारख्या भिंतीला टेकून बसल्या. वरणभात झाला, शेवयांची खीर झाली. जेवण झाल्यावर सुकन्या खाटेवर आडवी झाली आणि तिनं बाईंचं बोट धरून ओढलं. तांड्याच्या बोलीत काहीतरी म्हणाली.

"काय म्हनते?" बाईंनी विचारलं.

"झोप म्हणते," दिपा म्हणाली. "जागा हाय म्हणते."

बाईंनी पदर सावरून घेतला. मग पोरीशेजारी कडेला अंग टेकलं. पाचच मिनिटं म्हणून टेकलं. पहाटेपासूनची म्हातारी, तिला झोप लागली.

चार वाजता संतोषनं सांगून ठेवलेली जीप चर्चपर्यंत आली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. नरसिंग पळतच बाहेर गेला आणि हात वर केला.

"बाई येतात का?" ड्रायव्हरनं विचारलं. "पुढची सीट धरून ठेवलीय."

"झोपल्यात."

"मग उठवा. मला सेनगावात सवारी घ्यायचीय."

नरसिंगनं मागं वळून पाहिलं. दारात दिपा उभी होती. तिनं मान वळवून आत खाटेकडं पाहिलं.

"तुमी निघा," तो ड्रायव्हरला म्हणाला. "संतोषला मी फोन करतो."

जीप गेली. रस्त्यावरची धूळ हळूहळू खाली बसली. नरसिंग येऊन उंबऱ्यात बसला. आत खाटेवर बाई कुशीवर झोपल्या होत्या, पोरीचा हात त्यांच्या पाठीवर पडला होता. उठल्यावर त्यांना विचारायचं होतं, इथंच राहता का म्हणून. या वेळी कुणी ठरवण्याआधी विचारायचं होतं, आणि त्या नाही म्हणाल्या तर उद्याच्या पहिल्या जीपनं स्वतः पोचवून यायचं होतं. कसं विचारायचं ते तो मनातल्या मनात म्हणून पाहू लागला. शब्द साधेच होते, तांड्यावरच्या लेकरालाही नीट म्हणता आले असते. पण ओठांशी आले की तो मधेच अडखळत होता. तो पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागला.